कोच व्हायचं म्हणते, म्हणजे नक्की काय करणार?

“खेळाडू म्हणून नाव झालं नाही, आता कोच व्हायचं म्हणते. यात पुढे काही आहे का?” हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे सल्ल्याला नेहमी येतात. खेळ बदलतो, प्रश्न तोच असतो. ज्या कुटुंबाबद्दल इथे लिहिते आहे त्यांची काळजी जरा जास्त गुंतलेली होती, कारण मुलगी अमेरिकेत होती आणि तिला तिथल्या एखाद्या कॉलेजच्या टेनिस संघाची मुख्य प्रशिक्षक व्हायचं होतं. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील बँकेतून शाखाप्रमुख म्हणून निवृत्त झालेले, आई हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या. राहायला कोल्हापूरला. मुलगी लहानपणापासून कोर्टवर वाढलेली. बालेवाडीच्या स्पर्धा, सुट्टी लागली की रेल्वेने दिल्ली नाहीतर चेन्नई, आईच्या पर्समध्ये ग्रिप टेपचे रोल. बारावीनंतर टेनिसच्या शिष्यवृत्तीवर ती अमेरिकेला गेली. आपल्याकडच्या मुलांना ही वाट नवी नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. सोमदेव देववर्मनने तर व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचं, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचं, एकेरीचं विजेतेपद मिळवलं. आई-बाबांच्या डोळ्यांपुढे हीच नावं होती.

मुलगी संघात पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळली. पदवी घेतली, मग त्याच खेळाच्या आधाराने मास्टर्स केलं. तिकडे ग्रॅज्युएट असिस्टंट नावाची सोय असते: फी माफ, थोडं विद्यावेतन, आणि बदल्यात संघाच्या सरावाला हातभार. त्यानंतर ती एका छोट्या कॉलेजात सहायक प्रशिक्षक म्हणून लागली. वय सव्वीस. फोनवर एक दिवस म्हणाली, “बाबा, मला हेच करायचंय. मी हेड कोच होणार.” त्यानंतर घरात महिनाभर धड बोलणं नव्हतं.

बाबांचं पहिलंच वाक्य माझ्या लक्षात राहिलं. “मॅडम, कॉलेजचा कोच म्हणजे आमच्या वेळचे पी.टी.चे सर. त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं?” ते हे रागाने म्हणाले, पण त्यात खरी अडचण सांगितली गेली. आपल्याकडे कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक एकच असतात. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ त्यांच्याच गळ्यात. टेनिसचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेपुरता जमतो आणि स्पर्धा संपली की पांगतो. एका खेळाच्या एका संघासाठी बारा महिने पगारी मुख्य प्रशिक्षक, हे पद आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. जे पाहिलेलं नाही त्याची भीती वाटते, आणि मुलगी समजावायला गेली की ती हट्ट करते आहे असंच ऐकू येतं.

म्हणून मी वाद थांबवला आणि मुलीला एक काम दिलं. चांगल्या चाललेल्या नव्हे, अगदी साध्या एका आठवड्यात तू काय काय करतेस ते तासांसकट मराठीत लिहून बाबांना पाठव, म्हटलं. “मला टेनिस किती आवडतं” हे त्यात एकदाही यायला नको.

तिने जे पाठवलं ते मी त्यांच्याबरोबर बसून वाचलं. सोमवारी पहाटे उठून युरोपातल्या दोन मुलींशी आणि त्यांच्या पालकांशी व्हिडिओ कॉल, कारण पुढच्या वर्षीचा संघ आत्ताच बांधायचा. मुली निवडताना यूटीआर हे खेळाडूची पातळी आकड्यात सांगणारं मानांकन बघायचं, सामन्यांचे व्हिडिओ बघायचे, आणि मुलीला अभ्यास झेपेल का हेही बघायचं, कारण वर्गात नापास झालेली खेळाडू संघात टिकत नाही. मंगळवारी सरावाच्या तासांची नोंद: हंगामात आठवड्याला वीस तासांच्या वर सराव घेता येत नाही, हंगामाबाहेर आठ तास, आणि त्याचा हिशेब कॉलेजच्या नियमपालन कार्यालयाला द्यावा लागतो. बुधवारी चार रॅकेटचं स्ट्रिंगिंग, एका मुलीचं रडणं, एका मुलीचा सुजलेला घोटा. गुरुवारी हॉटेल, जेवण आणि डिझेलचं अंदाजपत्रक. शुक्रवारी व्हॅनने सहा तासांचा प्रवास. शनिवारी सामना.

सामन्याबद्दल तिने दोन पानं लिहिली होती. कॉलेज टेनिस आपण टीव्हीवर बघतो त्या टेनिससारखं नसतं. तीन दुहेरी एकाच वेळी सुरू होतात आणि त्या सगळ्या मिळून एकच गुण. मग सहा एकेरी, प्रत्येकीला एक गुण. सातपैकी आधी चार मिळवेल तो संघ जिंकतो. प्रशिक्षक सहा कोर्टांमध्ये फिरत असते आणि सामना चालू असताना मुलींशी बोलू शकते. कुठल्या कोर्टवर आत्ता उभं राहायचं आणि कुणाला एकटीला सोडायचं, हाच निर्णय तिला तासभर घ्यावा लागतो. तिने लिहिलं होतं, “मी पाचव्या नंबरवर खेळायचे ना, आमच्या कोर्टवर सर कधी यायचेच नाहीत. मला माहीत आहे पाचव्या नंबरला काय लागतं.”

बाबा बराच वेळ कागद उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, “अहो, ही तर ब्रँच चालवते आहे.” माणसं मिळवायची, सांभाळायची, वरच्या ऑफिसला हिशेब द्यायचा, टार्गेट गाठायचं, आणि नवा रीजनल मॅनेजर आला की त्याच्या मर्जीची धास्ती. हे सगळं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्या दिवसापासून ते मुलीला प्रश्न विचारू लागले, आणि ते प्रश्न कामाचे होते.

माझं या बाबतीत स्पष्ट मत आहे. टेनिस आवडतं एवढ्यावर कुणी कोच होऊ नये. खेळाडूचं सगळं लक्ष स्वतःच्या रॅकेटवर असतं. कोचचं काम दुसऱ्यांच्या दिवसांची जुळवाजुळव करण्याचं असतं. मी मुलीला विचारलं, स्वतः कोर्टवर उतरली नाहीस असा आठवडा गेला तर चालेल का? ती म्हणाली, “चालतोय की. खरं तर बरंच वाटतं.” ज्या मुलांना हे चालत नाही, त्यांनी क्लबमध्ये किंवा अकादमीत शिकवावं, खाजगी धडे द्यावेत. तेही चांगलं काम आहे आणि त्यात पैसा पुष्कळदा जास्त असतो. पण ती वाट निराळी.

आता धोके. हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नसतो, आणि मी मुलीलाच ते सांगायला लावले. अमेरिकेत सगळ्या खेळांचे मिळून प्रशिक्षक आणि स्काउट (खेळाडू हेरणारे) यांचा मध्यम वार्षिक पगार 2024 मध्ये सुमारे 46 हजार डॉलर होता. मोठ्या विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक त्याच्या कितीतरी वर असतो, छोट्या कॉलेजातला सहायक त्याच्याही खाली. करार पुष्कळदा वर्षाचा. क्रीडा विभागाचा प्रमुख बदलला की नवा माणूस आपली माणसं आणू शकतो. आणि मुख्य म्हणजे संघच बंद होऊ शकतो. 2020 मध्ये कोविडच्या तोट्यात आयोवा आणि मिनेसोटा या मोठ्या विद्यापीठांनी पुरुषांचा टेनिस संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो, त्यामुळे टेनिससारख्या, तिकीट न खपणाऱ्या खेळांवर ताण आला आहे. महिला संघांना 1972 च्या टायटल नाइन कायद्याचा थोडा आधार आहे, कारण विद्यापीठाला मुलींना खेळाची समान संधी द्यावी लागते.

त्याच कायद्याची दुसरी बाजू या मुलीला लागू होती. 1972 च्या आधी मुलींच्या संघांच्या दहापैकी नऊ प्रशिक्षक बायका होत्या. कायद्याने या पदांना पैसा आणि मान आला, पुरुष त्यांकडे वळले, आणि आज मुलींच्या निम्म्याहून अधिक संघांना पुरुष प्रशिक्षक आहेत. मुलाखतीला जाताना हे तिला ठाऊक असायला हवं, असं मला वाटलं. खचून जाण्यासाठी नाही. एखादी जागा हुकली तर सगळा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नये म्हणून.

व्हिसाची गोष्ट आईंनी काढली. शिक्षणानंतर तिथे काम करण्याची जी परवानगी मिळते, ओपीटी, तिची मुदत साधारण बारा महिने, पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांच्या अर्जांना एच-वन-बीच्या लॉटरीतून जावं लागत नाही ही मोठी सोय, पण कॉलेजची अर्ज करण्याची तयारी हवी आणि कोचचं पद त्या व्हिसाच्या व्याख्येत बसतं हे पटवावं लागतं. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. कुणाला ते लागू आणि कुणाला नाही हे वकिलाकडूनच समजून घ्यावं लागतं. मी मुलीला एवढंच सांगितलं की व्हिसाचा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी लाजत विचारायचा नाही, अर्ज करण्याआधीच फोन करून विचारायचा.

वेळ किती लागतो, हा बाबांचा शेवटचा प्रश्न. मी त्यांना स्टॅनफर्डच्या डिक गूल्ड यांच्याबद्दल सांगितलं. आधी फूटहिल या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात शिकवून ते 1966 मध्ये स्टॅनफर्डला आले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं 1973 मध्ये. पुढे ते 2004 पर्यंत राहिले आणि एकूण 17 विजेतेपदं जिंकली. जॉन मॅकेन्रोने 1978 मध्ये त्यांच्याच संघातून खेळताना एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद जिंकलं. त्याच विद्यापीठात महिला संघाच्या लेले फोरूद कितीतरी वर्षं सहायक होत्या, 2000 मध्ये मुख्य झाल्या आणि 2019 पर्यंत दहा विजेतेपदं मिळवली. ही फार थोड्यांची उदाहरणं, हे खरं. पण सात वर्षं थांबणारं विद्यापीठ आज क्वचितच मिळेल, हेही मी त्यांना सांगितलं. त्यामुळे आम्ही मोजमाप बदललं. विजेतेपदांकडे बघायचं नाही. तिने दोन भरती-हंगाम अर्ज करायचे. या जागा बहुतेक मे-जूनमध्ये, हंगाम संपल्यावर निघतात. मोठ्या कॉलेजात दुय्यम राहण्यापेक्षा छोट्या कॉलेजात मुख्य व्हायची संधी आली तर ती घ्यायची, कारण माणसं निवडायचा आणि पैसे सांभाळायचा अधिकार तिथेच मिळतो. दोन हंगामांत व्हिसा किंवा पद यांपैकी काहीच जुळलं नाही, तर परत येऊन इथे अकादमीत काम करायचं. ते अपयश म्हणायचं नाही, हे बाबांनी स्वतःहून जोडलं.

आईंचं वेगळं होतं. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा त्या म्हणाल्या, “ती व्हॅन कोण चालवतं? बर्फात?” मुलगीच चालवत होती, रात्री, मागे आठ झोपलेल्या मुली घेऊन. पगार, व्हिसा, लग्न, या सगळ्यांखाली त्यांची काळजी ही होती आणि ती अगदी रास्त होती. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत मुलीने विचारायचं ठरवलं की लांबच्या प्रवासाला भाड्याची बस आणि चालक मिळतो का. गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजने “नाही” म्हटलं आणि तिने ती जागा नाकारली. मुख्य प्रशिक्षकाचं पद होतं तरी. आईंना हे कळल्यावर त्यांनी मला फोन केला. लग्नाबद्दल मात्र दोघींचं अजून पटत नाही, आणि त्यात मी पडलेली नाही. तिचा दुसरा भरती-हंगाम मेमध्ये सुरू होतोय. यादीत चार कॉलेजं आहेत. त्यांची क्रीडा विभागाची अंदाजपत्रकं मिळतील तेवढी मिळवून बाबा वाचत बसलेत, कुठला संघ बंद पडण्याची शक्यता कमी आहे ते शोधत.