शाळेच्या आवारात बंदूक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत दोन सूचना आल्या : फाटकावर बंदूकधारी रखवालदार ठेवावा आणि ज्या शिक्षकांकडे परवाना आहे त्यांना शस्त्र सोबत आणू द्यावं. कायद्यात हे बसतं का? बसत असेल तर करावं का?
– एक पालक, कांदिवली

उत्तर : शिक्षकांचं आधी. शस्त्र परवान्यावर अटी छापलेल्या असतात, त्या फारसं कुणी वाचत नाही. जत्रा, मिरवणूक, जमाव यांच्या जोडीनं त्यांत शैक्षणिक संस्थेचं आवारही येतं. खास परवानगी नसेल तर तिथे शस्त्र नेता येत नाही. मुंबईत परवाने पोलीस आयुक्तालय देतं. त्यामुळे ‘माझ्याकडे परवाना आहे’ एवढ्यानं भागत नाही. पालकसभेला कमरेला रिव्हॉल्व्हर लावून येणारे बाबाही अट मोडतात.

करावं का? आमच्या मते मुळीच नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेवर हल्ला झाला, त्यानंतर तिथल्या प्रांतानं शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. काही महिन्यांतच, जुलै २०१५ मध्ये, स्वात खोऱ्यात बंदूक साफ करताना शिक्षकाच्या हातून गोळी सुटली आणि विद्यार्थी गेला. असं का होतं ते वर्गात उभं राहिलं की कळतं. फळ्यावर लिहिताना हात वर जातो, वही तपासायला वाकावं लागतं, पहिलीतलं पोर रडत येऊन कमरेलाच मिठी मारतं. शस्त्र अंगावर ठेवलं तर ते दिवसभर मुलांच्या हाताच्या टप्प्यात असतं. कपाटात कुलपाखाली ठेवलं तर किल्ली शोधून, कुलूप काढून, गोळ्या भरेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. यातून मधला मार्ग निघत नाही.

रखवालदाराची बंदूक बहुधा १२ बोअरची दुनळी असते. तिचे छर्रे दर मीटरला साधारण अडीच-तीन सेंटीमीटर पसरतात, म्हणजे २० मीटरवर अर्ध्या मीटरहून मोठं वर्तुळ होतं. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर स्कूल बस, रिक्षा, आजी-आजोबा आणि वडापावची गाडी असते. त्या गर्दीत हे वर्तुळ कुणाकुणावर जाईल याचा विचार बैठकीत जरूर मांडा.

अमेरिकेत टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. शस्त्रधारी तिथे थोडे नव्हते. एकूण ३७६ पोलीस जमले, तरी वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. हल्लेखोर आत आला त्या बाहेरच्या दाराची गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे : शिक्षिकेनं दार ओढून लावलं होतं, पण त्याचं कुलूप बसलंच नाही.

म्हणून बंदुकीऐवजी दारं तपासा. मुंबईतल्या जुन्या शाळांत वर्गाची कडी पुष्कळदा बाहेरच्या बाजूला असते, आतून लावायला काहीच नसतं. प्रत्येक दाराला आतून भक्कम अडसर बसवा. तो शिक्षकाच्या एका हाताला सरकला पाहिजे आणि आग लागली तर आतून किल्लीशिवाय उघडला पाहिजे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि अडसर खाचेत जात नाही, तेव्हा जूनमध्ये पुन्हा बघा. शाळेच्या वेळेत येण्याजाण्याला एकच फाटक, दुसऱ्यावर आतून माणूस. ‘वर्ग बंद’साठी आगीच्या घंटेहून वेगळी घंटा ठरवा, नाहीतर मुलं बरोबर उलटं करतील आणि मैदानात धावतील. फोन ११२ वर. वर्षातून दोनदा सराव करा, त्यातला एक मधल्या सुट्टीत, कारण तेव्हाच सगळे विखुरलेले असतात.

प्रश्न : आमच्या शाळेला एअर रायफल नेमबाजी सुरू करायची आहे. वरच्या मजल्यावर लांब सभागृह आहे. हीही बंदूकच, मग परवानगी कशी?
– एका शाळेचे चिटणीस, परळ

उत्तर : ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमची गोळी सात-आठ ज्यूलनं सोडते. तेवढी डोळा कायमचा घालवायला पुरते, म्हणून परवाना नसला तरी शिस्त तीच. अंजली भागवत मुंबईत एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या. खेळ म्हणून शाळेनं हे जरूर करावं.

नेमबाजाच्या रेषेपासून लक्ष्यापर्यंत १० मीटर, पण मागे उभं राहायला आणि सामानाला धरून खोली १४-१५ मीटर हवी. प्रत्येक नेमबाजाला किमान एक मीटर रुंदी, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. रेषेच्या पुढच्या भागात दार किंवा खिडकी उघडी राहता कामा नये. असेल तर आतून पक्की बंद करा, येण्याजाण्याचं दार नेमबाजांच्या पाठीमागेच. लक्ष्यामागे तिरप्या पोलादी पत्र्याचा सापळा लावा. सरळ उभ्या पत्र्यावरून तुकडे परत येतात.

गोळ्या शिशाच्या असतात. सापळ्याजवळ बारीक भुकटी साचते. ती झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. तिथे डबा खायचा नाही, निघताना साबणानं हात धुवायचे. लहान मुलांच्या बाबतीत याला सूट नाही.

रायफलच्या हवेच्या नळकांड्यात बहुतेक २०० बार दाब भरतात. हवा कोरडी आणि सावकाश भरा. जवळ मिळतो म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका, तेलाचा अंश लागला की स्फोट होतो. नळकांड्यावर छापलेली मुदत संपली की ते बदलायचंच.

गोळी झाडत नसताना प्रत्येक नळीत रंगीत दोरी आरपार दिसली पाहिजे. ‘स्टॉप’ म्हटलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, आणि कुणी रेषेपुढे असेल तर रायफलला कुणाचाही हात नाही. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी पाच-सहा मुलंच द्या. रायफली पोलादी कपाटात, दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, गोळ्या वेगळ्या कपाटात, आणि देवघेवीची नोंदवही रोज.

प्रश्न : स्नेहसंमेलनाच्या नाटकात फौजदाराच्या हातात माझ्या मामांची खरी बंदूक, अर्थात रिकामी करून, दिली तर?
– नववीतला वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. परवान्यावरची आवाराची तीच अट इथेही लागते. शिवाय ‘रिकामी आहे’ असं समजून चाप ओढला आणि जीव गेला, असे अपघात होत असतात. एनसीसीच्या कवायतीच्या रायफलीही मागू नका. प्लायची बंदूक कापा, कडा कानशीनं घासा, काळा रंग द्या आणि टोक लाल ठेवा. तिसऱ्या रांगेतून ती खरीच वाटेल. आवाज पडद्यामागून द्या, फटाक्याच्या टिकल्या मात्र कापडी पडद्यापासून लांब.