'किल बिल'चे दोन्ही भाग आधीच पाहिलेत. तरी 'द होल ब्लडी अफेअर' ही सलग आवृत्ती पाहण्यात काही अर्थ आहे का?

आहे. पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही.

(पुढे कथेचा शेवटापर्यंत सगळा उलगडा आहे. तुम्ही दोन्ही भाग पाहिलेत म्हणून मोकळेपणाने लिहितोय. इतर कुणी वाचत असेल आणि 'किल बिल' पाहिलाच नसेल, तर त्याने इथूनच मागे फिरावं.)

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'किल बिल' ही नववधूची ('द ब्राइड', म्हणजे युमा थर्मन) गोष्ट: चर्चमध्ये लग्नाच्या तालमीत तिच्यावर हल्ला करणाऱ्या बिल आणि त्याच्या टोळीचा ती यादी करून सूड घेते. क्वेंटिन टॅरंटिनोने ती एकच सिनेमा म्हणून लिहिली आणि चित्रित केली. लांबी हाताबाहेर गेली तेव्हा मिरामॅक्स या चित्रपट कंपनीने त्याचे दोन तुकडे केले. पहिला ऑक्टोबर 2003 मध्ये आला, दुसरा एप्रिल 2004 मध्ये. टॅरंटिनोने जोडलेली सलग आवृत्ती 2006 मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली, 2011 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू बेव्हर्ली या त्याच्या स्वतःच्या थिएटरात लागली, आणि त्यानंतर ती जवळपास दंतकथाच होऊन बसली. डिसेंबर 2025 मध्ये लायन्सगेटने ती अमेरिकेत रीतसर प्रदर्शित केली. मी इथेच राहतो, त्यामुळे मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाली. मध्यंतर धरून साडेचार तासांच्या वर जाते.

पंधरा मिनिटांचं मध्यंतर आहे म्हटल्यावर इथल्या प्रेक्षकांना काय अप्रूप! पडद्यावर 'इंटरमिशन' झळकताच काहींनी टाळ्या वाजवल्या. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकांच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार. वडा मिळाला नाही एवढीच खंत.

आता फरक काय, ते. ज्याची सगळ्यात जास्त जाहिरात झाली तो म्हणजे वाढवलेला ॲनिमेशनचा भाग. ब्राइडच्या यादीतल्या ओ-रेन इशीचं बालपण सांगणारं तिसरं प्रकरण जपानच्या प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने केलं होतं, तुम्हाला आठवत असेल: पलंगाखाली लपलेली मुलगी, वर गादीतून झिरपणारं आईचं रक्त. (सिनेमात मधेच ॲनिमेशन घालण्याची कल्पना टॅरंटिनोला कमल हासनच्या 'आळवंदान'वरून, म्हणजे आपल्याकडे हिंदीत आलेल्या 'अभय'वरून सुचली, असं अनुराग कश्यप यांनी सांगितलेलं आहे.) पूर्वी त्यात ती फक्त टोळीचा म्होरक्या मात्सुमोतोला मारायची आणि गोष्ट झर्रकन पुढे सरकायची. आता साडेसात मिनिटांचा नवा तुकडा आहे, आणि त्यात तिच्या बापाला मारणाऱ्या प्रिटी रिकीचाही ती हिशोब चुकता करते.

चित्रकाम अफलातून आहे, पण पहिल्या झटक्यात मला तो तुकडा जरा लांबलेला वाटला. नंतर विचार करताना त्याचं मोल लक्षात आलं. जुन्या आवृत्तीत ओ-रेन ही दुःखी बालपण भोगलेली खलनायिका होती. आता ती 'द ब्राइड'चीच मोठी बहीण वाटते. तिचीही यादी होती, तिनेही एकेकाला गाठून संपवलं, आणि यादी संपल्यावर ती टोकियोच्या टोळ्यांची राणी झाली. सूड पूर्ण झालेल्या बाईचं पुढे काय होतं, ते सिनेमा आपल्याला मध्यंतराच्या आधीच दाखवून ठेवतो.

दुसरा फरक रक्ताचा. 'हाउस ऑफ ब्लू लीव्ह्ज' या रेस्तराँमधली, ओ-रेनच्या 'क्रेझी 88' टोळीसोबतची मारामारी अमेरिकेतल्या सेन्सॉरच्या धाकाने मधेच कृष्णधवल केली होती. जपानी आवृत्तीत ती रंगीत होती, इथेही पूर्ण रंगीत आहे. शिवाय काही जादा वार आहेत, आणि ओ-रेनची सहकारी सोफी फाताल हिचा दुसरा हातही जातो. 'किती भयंकर असेल' या धास्तीने पाहणार असाल तर सांगतो, उलटंच होतं. कृष्णधवलमध्ये रक्त काळं दिसायचं आणि प्रसंगाला एक गंभीर, जुनाट धार यायची. रंगात मात्र लालभडक कारंजी उडतात आणि लोक हसायला लागतात. आमच्या थिएटरात तर खिदळणंच चाललं होतं. जुन्या सामुराई चित्रपटांत रक्ताची पिचकारी उडायची, तोच हा खेळ आहे, आणि युएन वू-पिंगची मारामारीची आखणी रंगात जास्त स्पष्ट कळते: कोण कुठल्या कोपऱ्यातून येतोय, कोणाची तलवार कुणाच्या पायाखाली गेली. तरी खरं विचाराल तर मला कृष्णधवल तुकडा अजूनही अधिक देखणा वाटतो. त्या काटछाटीतून नकळत काहीतरी चांगलं निघालं होतं.

रंगाचा खरा फायदा पुढच्या प्रसंगाला होतो. एवढा लाल चिखल झाल्यावर ब्राइड दार सरकवते आणि समोर पांढराशुभ्र बर्फ. मारामारी थांबलेली, आणि ऐकू येतो फक्त बागेतल्या त्या बांबूचा आवाज. नळीत पाणी भरत जातं, वजनाने ती कलते, रिकामी होते आणि मागे येऊन दगडावर आपटते: टक्. मग पुन्हा पाणी भरू लागतं. टीव्हीवर हा आवाज पार्श्वसंगीतात हरवून जायचा. थिएटरात मात्र तो दोन वारांमधला वेळ मोजत राहतो. ओ-रेन झालेल्या ल्युसी लिऊच्या पांढऱ्या किमोनोवर नजर खिळून राहते, कारण आता त्यावर लाल थेंब कधी पडतो एवढीच वाट पाहायची असते.

पण माझ्या मते ही आवृत्ती पाहण्याचं कारण यापैकी काहीच नाही. टॅरंटिनोने काय घातलं त्यापेक्षा काय काढलं, ते महत्त्वाचं आहे, आणि त्यात मुख्य आहे एकच वाक्य.

पहिल्या भागाचा शेवट आठवा. हात गमावलेल्या सोफीला बिल विचारतो: तिची मुलगी जिवंत आहे, हे तिला माहीत आहे का? काळा पडदा, आणि तुम्ही 'आं?' करत उठता. दुसऱ्या भागाचं तिकीट विकायला लावलेला तो गळ होता. उत्तम गळ, वादच नाही. पण त्याची किंमत सबंध दुसऱ्या भागाने मोजली. त्या क्षणापासून आपल्याला नायिकेपेक्षा जास्त माहिती होती. ती बिलचा भाऊ बड याच्या ट्रेलरकडे सरपटत जात होती, शवपेटीत गाडली जात होती, आणि आपण मनात म्हणत होतो, 'अगं, पोरगी आहे तुझी, चल पुढे.'

सलग आवृत्तीत तो प्रश्नच नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला गाडी चालवता चालवता ती मागची उजळणी करायची, तेही गेलं. मध्यंतर होतं आणि गोष्ट थेट त्या चर्चमध्ये पोहोचते.

तुम्ही म्हणाल, पण मला तर माहीतच आहे की मुलगी जिवंत आहे! मलाही माहीत होतं. फरक असा की आता सिनेमा ते तुम्हाला सांगत नाही, त्यामुळे बाकीच्या गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. चार वर्षांनी कोमातून उठल्यावर ती पोट चाचपते आणि मग जो हंबरडा फोडते, तो आता मधे न पुसला जाता शेवटपर्यंत मागे राहतो. यादीतल्याच व्हर्निटा ग्रीनच्या घरातली ती सुरीमारी घ्या. दोघी एकमेकींचा जीव घ्यायला निघालेल्या, काचेपलीकडे पिवळी स्कूल बस येऊन थांबते, आणि दोघी मुकाट्याने सुऱ्या पाठीमागे धरतात. दारात व्हर्निटाची चार वर्षांची मुलगी निकी. पूर्वी हा प्रसंग मला टॅरंटिनोची चलाखी वाटायचा. आता त्यात एक बाई, जिचं मूल गेलंय असं ती धरून चालली आहे, आपल्या शत्रूच्या त्याच वयाच्या मुलीकडे पाहतेय. थोड्या वेळाने ती त्या पोरीला सांगते की मोठी झाल्यावर तुझ्या मनात हे सलत राहिलं तर ये, मी वाट पाहीन. ओ-रेन, ब्राइड, निकी: डूख धरलेल्या मुलींची ही रांगच आहे, आणि ती एकाच बैठकीत दिसते.

मग येतो बिलचा बंगला. बीअट्रिक्स (हे ब्राइडचं खरं नाव) पिस्तूल रोखून आत शिरते आणि समोर खेळण्यातलं पिस्तूल धरलेली लेक. बाप-लेक खेळ खेळतात: मम्मीला गोळी लागली, मम्मीने पडायचं. सिनेमा सुरू होताना नववधूच्या डोक्यात गोळी घातली गेल्यावर नॅन्सी सिनात्राचं 'बँग बँग' वाजलेलं असतं, आणि चार तासांनी या खोलीत तेच 'बँग बँग' लहान मुलीच्या खेळात ऐकू येतं. दोन चित्रपटांत सहा महिन्यांचं अंतर असताना हा धागा मला कधी जाणवलाच नव्हता. युमा थर्मनच्या चेहऱ्यावर त्या अर्ध्या मिनिटात जे होतं, ते या आवृत्तीत तिच्याबरोबर आपल्यालाही झेलावं लागतं.

दुसऱ्या भागावर 2004 मध्ये एक तक्रार सर्रास व्हायची, की मारामारी कमी आणि गप्पाच फार. स्वतंत्र सिनेमा म्हणून ती रास्तही होती. सलग पाहताना ती उरत नाही. एका हॉलभर माणसं कापून झाल्यावर पुढची मोठी लढत एका चिंचोळ्या ट्रेलरमध्ये होते, जिथे तलवार उपसायलाही जागा पुरत नाही, आणि शेवटची तर बसल्या बसल्या, काही सेकंदांत. गर्दीकडून एका माणसापर्यंत सिनेमा असा आक्रसत जातो. ब्राइडचा कुंग-फू गुरू पाय मेई याचं प्रकरणही इथे बरोबर जागी बसतं. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओच्या जुन्या चित्रपटात पांढऱ्या भुवयांच्या गुरूशी झुंजणारा गॉर्डन लिऊ इथे स्वतःच त्या भुवया लावून दाढी कुरवाळतो, हा विनोद कुंग-फू पटांच्या शौकिनांना जास्त कळेल, पण दोन तासांच्या मारधाडीनंतर तो सगळ्यांनाच हवासा वाटतो. शवपेटीचा प्रसंग मात्र थिएटरातच पाहायला हवा. पडदा काळा, खिळे ठोकल्याचा आवाज, मग पेटीवर पडणारी माती, प्रत्येक फावड्यागणिक अधिक दबकी होत जाणारी. शेजारच्या बाईंनी चक्क कानांवर हात ठेवले होते.

सुरुवातीची पाटीही बदललीय. पूर्वी तिथे 'सूड थंड करूनच वाढावा' अशा अर्थाची 'क्लिंगॉन म्हण' होती, म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासी क्लिंगॉनांच्या नावावरची टिंगल. आता त्या जागी 2003 च्या जानेवारीत गेलेले जपानी दिग्दर्शक किंजी फुकासाकू यांना अर्पणपत्रिका आहे. ओ-रेनची अंगरक्षक गोगो झालेली चिआकी कुरियामा ही त्यांच्याच 'बॅटल रॉयल'मधली. एका ओळीचा बदल, पण सिनेमा चेष्टेने नाही तर नमस्काराने सुरू होतो.

एक गोष्ट मात्र 2003 मध्ये आपल्याला माहीत नव्हती, आणि आता ती विसरताही येत नाही. चित्रीकरणात गाडी चालवताना थर्मनचा अपघात झाला होता. तिने ते 2018 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं, त्याची फीतही बाहेर आली, आणि टॅरंटिनोने जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ती बिलकडे गाडी हाकत निघते तेव्हा मला दर वेळी तेच आठवतं. शिवाय डेव्हिड कॅराडाइन, सॉनी चिबा, मायकेल मॅडसन, संकलक सॅली मेंके, सगळे गेले. चिबाचा तलवार घडवणारा हान्झो ब्राइडला तलवार सोपवतो तो प्रसंग त्यामुळे थोडा जड जातो.

कुणाला पहिल्यांदाच दाखवणार असाल आणि ही आवृत्ती हाताशी नसेल, तर जुन्या दोन भागांवरही काम भागतं. पहिला भाग बिलच्या त्या शेवटच्या प्रश्नाआधी बंद करा, दुसऱ्यातली गाडीतली उजळणी वगळा. रंगीत मारामारी मिळणार नाही, पण गोष्ट जशी लिहिली होती तशी कळेल. रिमोट मात्र तुमच्याच हातात ठेवा, कारण ते वाक्य पटकन येतं. आणि एका बैठकीत पाहा. 'उरलेला उद्या' केलंत की पुन्हा दोन भागच झाले.

थिएटरात जाणार असाल तर श्रेयनामावलीनंतर गोगोच्या बहिणीवरचा एक ॲनिमेटेड लघुपट आहे, 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेमसाठी केलेला, थर्मनच्याच आवाजात. मी थांबलो होतो. तुम्ही नाही थांबलात तरी चालेल. शेवटची लोकल चुकवण्याइतकं त्यात काही नाही.