कर्ज काढू की ठेवी मोडू? आधी टेम्पो कुठून जाणार ते सांगा

मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गापासून साडेसहाशे फूट आत त्यांची वीस गुंठे वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे शेड बांधून साठ खोल्या काढायच्या आणि लोकांना सामान ठेवायला महिन्याच्या भाड्यानं द्यायच्या, असा बेत आहे. पुण्यात असं चालतं म्हणून मुलानं सुचवलंय. खर्च ६५ लाख. प्रश्न एवढाच, की ४० लाख घर तारण ठेवून घ्यावेत, की सगळे निवृत्तीच्या ठेवी मोडून घालावेत?

सर, पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, "जायला दहा फुटी वहिवाटीचा रस्ता आहे, शेजारी चांगले आहेत." माझं सगळं उत्तर या एका ओळीवर आहे.

ती वहिवाट शेतीची आहे. बैलगाडी, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली जाण्यापुरती. उद्या शेजाऱ्यानं बांध घातला, तर मामलेदार कोर्ट अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे जाता येईल. नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पण दोन्ही वाटा शेतकऱ्याला शेतात पोचवण्यासाठी आहेत, तुमच्या भाडेकरूंचे टेम्पो आत नेण्यासाठी नाहीत. शेडला बांधकाम परवानगी लागणार, आणि नगररचना विभाग नकाशावर पहिल्यांदा पोचरस्त्याची रुंदीच बघतो. ती तोंडी चालत नाही. महामार्गावर रस्ता जिथे मिळतो, तिथल्या व्यावसायिक प्रवेशाची परवानगी महामार्ग खात्याकडून वेगळी.

किती रुंदी लागेल हे तिथला झोन (शेती, रहिवास की व्यापारी) आणि वापर यांवर ठरेल. हिशेबापुरती तीस फूट धरू. म्हणजे वीस फूट जादा, लांबी साडेसहाशे: तेरा हजार चौरस फूट, बारा गुंठे. वीस गुंठ्यांच्या प्लॉटसाठी बारा गुंठे दुसऱ्याचे! चाळीस फूट मागितले, तर अठरा. शेजारी कितीही चांगले असोत, महामार्गालगतची पट्टी कुणी चहावर देत नाही. शिवाय त्यांच्या सातबाऱ्यावर चुलते, आत्या, बहिणी असतील. प्रत्येकाची सही लागेल. शेतजमिनीचे छोटे तुकडे विकायला तुकडेबंदी कायद्याची आडकाठी असते, गुंठ्यागुंठ्यानं लिहून घेणं सरळ काम नाही.

आता उत्पन्न. साठ खोल्या, दोन हजार भाडं, महिना एक लाख वीस हजार, हे तुमचं गणित. पहिल्या दिवसापासून साठही भरलेल्या? मी पहिल्या वर्षी वीस धरतो. चाळीस हजारांतून वॉचमन, वीज, विमा, किरकोळ दुरुस्ती मिळून बावीस हजार गेले, उरले अठरा. ४० लाखांचा साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता ५४ हजार. छत्तीस हजार दरमहा पेन्शनमधून जाणार. पेन्शन ४५ हजार, म्हणजे घरखर्चाला नऊ.

पुराच्या दिवसांत गिऱ्हाईक येईल, असंही लिहिलंय. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या लोकांनी कपाटं माडीवर चढवली, हे खरं. पण ती गरज पंधरा दिवसांची, तीही दरवर्षी नाही. त्यावर दहा वर्षांचा हप्ता बांधू नका.

आणि कर्जाच्या फाइलीत ती २.६० लाखांची एकरकमी पॉलिसी कुणी घुसवली? रक्कम कर्जातच मिळवली, म्हणजे तिच्यावरही साडेदहा टक्के व्याज. दहा वर्षांत सव्वाचार लाख द्याल. "त्याशिवाय कर्ज पास होत नाही" हे साफ खोटं आहे. पॉलिसी सक्तीची असल्याचं लेखी मागा, आवाज लगेच बदलतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कर्जही नको आणि ठेवीही मोडू नका. वय साठ झालंय, तेव्हा ठेवींतले ३० लाख मुदत संपेल तसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. ८.२ टक्के दर धरला, तर महिन्याला साधारण साडेवीस हजार पडतात, वॉचमन न ठेवता. शेडचा बेत सोडवत नसेल, तर झोन दाखला आणि गट नकाशा काढा, आणि रस्त्यासाठी नगररचना कार्यालयात लेखी विचारणा करा. खर्च किरकोळ आहे. त्यांचं उत्तर आणि शेजाऱ्यांचा नोंदणीकृत दस्त हातात आला, की मग कर्ज किती ते बघू.