‘चेंबर म्युझिक’ला ‘कक्षसंगीत’ म्हणावे का?

‘चेंबर म्युझिक’ म्हणजे मोजक्या वादकांसाठी रचलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत. त्यावर प्रश्न असा आला आहे: जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनच्या ‘हेलिकॉप्टर स्ट्रिंग क्वार्टेट’ला मराठीत ‘कक्षसंगीत’ कसे म्हणायचे? वादक हेलिकॉप्टरांत बसून आकाशात, मग कक्ष कुठला?

खुशाल म्हणा. म्हणू नका ते ‘छोटा ऑर्केस्ट्रा’. हा शब्दप्रयोग इतक्यांदा कानावर येतो की संताप होतो. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनची एकच ओळ दहा-बारा जण मिळून वाजवतात. चेंबर रचनेत ज्याची ओळ त्यानेच वाजवायची, आणि सहसा संचालकही नसतो. डोकी मोजून हा फरक कळत नाही.

श्टॉकहाउझेनच्या या रचनेत दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. २६ जून १९९५ रोजी ॲमस्टरडॅममध्ये आर्दित्ती क्वार्टेट या चौघांच्या वादकसंचाने तिचा पहिला प्रयोग केला. चौघे चार हेलिकॉप्टरांत, इअरफोनमधल्या ठोक्यांवर एकमेकांशी बांधलेले. पंख्यांची घरघरही रचनेचाच भाग. खाली श्रोत्यांपर्यंत आवाज मायक्रोफोनमधून पोचला आणि चित्र कॅमेऱ्यांतून.

कॅमेरा आणि चेंबर हा एकच शब्द आहे! लॅटिन ‘कामेरा’ म्हणजे खोली. ‘कामेरा ऑब्स्क्युरा’, अंधारी खोली, यातली ‘अंधारी’ गळून यंत्राचे नाव उरले. फ्रेंचमार्गे त्याच ‘कामेरा’चे ‘चेंबर’ झाले, पोर्तुगीजमार्गे हिंदीत ‘कमरा’. इटालियनांनी सतराव्या शतकात चर्चमधल्या सोनाटापासून (सोनाटा म्हणजे वाद्यांसाठीची रचना) वेगळा ओळखू यावा म्हणून ‘सोनाटा दा कामेरा’ म्हटले. तिथेही खोलीच्या लांबी-रुंदीशी कोणाला कर्तव्य नव्हते.

लॅटिनच्या मागे ग्रीक ‘कामारा’, कमानदार छत. आणि त्याच्या शेजारी अवेस्तातला, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला, ‘कमरा’, म्हणजे कमरपट्टा. फारसी ‘कमर’ आणि आपली ‘कंबर’ त्याच कुळातली. ग्रीकचे काही व्युत्पत्तिकार हे नाते नाकारतात. शब्द कुठून तरी उसना आला म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला हे थांबणे मान्य नाही. पट्ट्याचा आणि खोलीचा काय संबंध, असे विचारणाऱ्याने संस्कृत ‘कक्ष्या’ पाहावी. हत्तीच्या पोटाला आवळायचा पट्टा तीही कक्ष्याच, आणि राजवाड्यातले भिंतींनी वेढलेले आतले दालन तीही कक्ष्याच. जे वेढते त्याचे नाव वेढलेल्या जागेला मिळाले. ‘कक्ष’ तिचाच सख्खा, त्याच्यापासून आपली ‘काख’ आली. संस्कृतात पट्ट्यावरून दालनापर्यंत अर्थ सरकू शकतो, तर ग्रीकात पट्ट्यावरून कमानीपर्यंत का सरकू नये? ‘कक्षसंगीत’ हा शब्दशः केलेला कोरडा अनुवाद आहे, असे नाक मुरडणाऱ्या परिभाषाकारांनी कोशात ‘कक्ष्या’ एकदा तरी उघडायला हवी होती.