जोन मिचेलसारखं भावनेच्या भरात, मनाला येईल तसं चित्र काढायला कसं शिकावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, की चित्रकलेचं शिक्षण नाही, मिचेलची चित्रं मोबाइलवर पाहिलीत आणि तसे मोकळेपणी फटकारे मारायचेत. हरकत काहीच नाही. पण ते 'भावनेच्या भरात' नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

अमेरिकन अमूर्त चित्रकार मिचेल स्वतः काय म्हणायची? माझ्या चित्रातलं स्वातंत्र्य चांगलंच लगामात असतं, डोळे मिटून 'होईल ते बरं होईल' असं मी करत नाही. काय करायचं ते ती लांब उभी राहून ठरवायची. फ्रान्समध्ये व्हेतय गावी राहायला गेल्यावर ती बहुतेक रात्री दिव्याच्या उजेडात काम करायची आणि लावलेला रंग दिवसा पुन्हा तपासायची. भर आलेला माणूस सकाळी हिशोब तपासायला बसत नाही.

२०१९ साली मुलीकडे शिकागोला गेले होते, तेव्हा तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मिचेलचं 'सिटी लँडस्केप' (१९५५) पाहिलं. उंचीला आणि रुंदीला दोन-दोन मीटर. मध्ये गुलाबी, लालभडक, मोहरीचा पिवळा, काळा असा गुंता, आणि भोवती फिकट पांढुरका पसारा. मी नाक लावून पाहत होते तर पहारेकरी बाई खाकरली. पण दिसायचं ते दिसलं. पांढरा म्हणजे रिकामा सोडलेला कॅनव्हास नव्हे. तो लावलाय, काही ठिकाणी रंगांवरून आणून त्यांच्या कडा खाल्ल्यात. कुठला रंग कुठे थांबवायचा हे कुणीतरी बघून ठरवलंय. मुलगी म्हणाली, "आई, रडतेस का?" रडत नव्हते. कोल्हापूर आठवलं होतं.

१९८६. पेंटिंगच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. आमच्याकडे चित्र म्हणजे आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर या कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचा वारसा, हात पक्का हवा आणि माणूस हुबेहूब. ते मला आजही मान्य आहे. पण त्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली आणि मला पुराचं पाणीच रंगवायचं होतं, देवळं नकोत, घाट नको, माणसं नकोत. रोज छत्री घेऊन शिवाजी पुलावर जायचे. पाणी चहासारखं दिसतं म्हणतात, ते खोटं. सकाळी त्यात हिरवट झाक असते, दुपारी ते विटेवर जातं. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, थोडा काळा, पांढरा, असं घोटून घोटून पॅलेटवर नुसता चिखल व्हायचा. मांजरपाट स्वतः ताणला, सरस लावला, चार फूट बाय पाच फूट. एक्केचाळीस दिवस लागले. त्यातले निम्मे दिवस मी समोरच्या भिंतीला पाठ टेकून नुसती बघत उभी होते. आई विचारायची, "आज काय केलंस?" सांगणार काय? "एक रेघ."

ज्युरीच्या, म्हणजे चित्रं तपासायच्या दिवशी आमचे सर दारातूनच म्हणाले, "भावनेच्या भरात काढलंयस पोरी. रडून मोकळी झालीस ना?" सगळे हसले. शेजारी आमच्या वर्गातल्या एकाचं चित्र होतं, आदल्या रात्री नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, ओढलेलं. त्याचा कॅनव्हास ताणायला मीच मदत केली होती, म्हणून वेळ पक्की माहीत आहे. त्याला शेरा मिळाला, 'जोरकस, धाडसी'. तोच फटकारा, त्याने मारला तर जोर, मी मारला तर रडणं!

म्हणून मला मिचेलचा राग कळतो. ती स्वतःला 'लेडी पेंटर' म्हणायची, टोमणा म्हणून. १९२५ चा जन्म, शिकागोचाच. वडील त्वचारोगतज्ज्ञ, आई कवयित्री. तरुणपणी ती फिगर स्केटिंगच्या स्पर्धांत उतरायची. तोल सांभाळायची सवय तिथलीच, असा माझा आपला तर्क. न्यूयॉर्कमध्ये गॉर्की, डी कूनिंग, क्लाइन या अमूर्त चित्रकारांचं काम पाहून ती घडली, तिथल्या अशाच चित्रकारांच्या १९५१ च्या नाइन्थ स्ट्रीट प्रदर्शनात तिचं चित्र होतं. तिथे पुरुषांचा भरणा, बायका मोजक्या. सेझान, व्हॅन गॉग, मातीस हे तिचे खरे गुरू. व्हेतयला तिच्याच आवारातल्या घरात एके काळी फ्रेंच चित्रकार मोने राहिला होता, त्यामुळे लोक तिला मोनेशी जोडत आणि तिला ते मुळीच आवडत नसे.

आणि 'भावना' म्हणाल तर 'ला ग्राँद व्हाले' (मोठी दरी) ही १९८३-८४ ची एकवीस चित्रांची मालिका बघा. ती दरी मिचेलने पाहिलीच नव्हती. एका मैत्रिणीने आपल्या लहानपणची जागा सांगितली, त्यावरून तिने रंगवली. दुसऱ्याची आठवण एकवीस चित्रांत धरून ठेवायची, हे भराचं काम आहे का? भर दीड तासात ओसरतो.

आता तुमचं शिकण्याचं. 'मन मोकळं करा, रंग उधळा' छापाच्या रविवारच्या कार्यशाळांना जाऊ नका. तिथे पैसे मोकळे होतात. एकच जागा धरा, घराच्या गॅलरीतून दिसणारी असली तरी चालेल, आणि महिनाभर तिचे रंग मिसळा. चित्र काढूच नका. मग मोठ्या कागदावर एक फटकारा मारा, दहा पावलं मागे जा, दुसरा कुठे ते ठरवा. ठरत नसेल तर ब्रश धुऊन झोपा. मोबाइलवर मिचेल बघू नका. दोन मीटरचं चित्र तळहातावर मावतं, पण कळत नाही.

एक सांगायचं राहिलं. तिच्याकडे घरचा पैसा होता. व्हेतयची जागा आईकडून आलेल्या पैशांतून घेतलेली. ती दारू फार प्यायची आणि तोंडाची फटकळ होती. तेव्हा तिचं सगळंच उचलू नका. आणि रागाच्या भरात रंगवून कुणाला बरं वाटत असेल तर जरूर रंगवावं, त्याला माझी ना नाही. फक्त त्याला मिचेल म्हणू नये.

शिकागोहून परत आल्यावर माळ्यावरून माझं पुराचं चित्र खाली काढलं. बैठकीच्या भिंतीला लावून मागे सरकत गेले, पाठ शोकेसला टेकेपर्यंत. उजव्या खालच्या कोपऱ्यात बर्न्ट सिएनाचा एक फटकारा खरंच चुकलाय, तिथे पाणी थांबतं. सर आत येऊन तेवढं बोलले असते तर मी मान्य केलं असतं.