माज थांबवणारं इंजेक्शन आणि नसबंदीच्या इतर शंका

सवलतीच्या नसबंदी शिबिराची तारीख लागली की त्याच त्या शंका पुन्हा येतात. त्यातल्या काहींची ही उत्तरं.

कुत्रीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मगच शस्त्रक्रिया करावी, हे खरं का?

नाही. पिल्लं झाल्याने तिच्या तब्येतीला कसलाही फायदा होत नाही.

मांजर जेमतेम पाच महिन्यांची आहे. फार लवकर होईल का?

निरोगी असेल तर नाही. याच वयात ती माजावर येऊ शकते, आणि गाभण राहिली तर साधारण नऊ आठवड्यांत विते. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं वय मात्र सांध्यांची वाढ पाहून पशुवैद्यांनी ठरवायचं असतं.

शिबिरात इतकं स्वस्त कसं परवडतं? भुलीत, औषधांत काटछाट करतात का?

देणग्या आणि अनुदान असतं, शिवाय तोच चमू दिवसभर तीच शस्त्रक्रिया करतो, म्हणून परवडतं. ‘शिबिरात टाके पिकतातच’ असं सांगून महागडं पॅकेज गळ्यात मारणारे आहेत. त्यांचं ऐकू नका. मात्र चार गोष्टी आधी विचारा. भूल देण्यापूर्वी प्रत्येक जनावराचं वजन आणि तपासणी होते का? प्रत्येकासाठी निर्जंतुक हत्यारांचा वेगळा संच उघडतात का? वेदनाशामक देतात का? रात्री टाका उसवला तर फोन कुणाला करायचा? उत्तरं टाळली तर जनावर घेऊन परत या. म्हातारं, हृदयविकाराचं किंवा चपट्या नाकाचं जनावर असेल, तर शिबिराआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

शेजारी त्यांच्या कुत्रीला माज थांबवणारं इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेपेक्षा ते सोपं नाही का?

सोपं वाटतं, म्हणूनच खपतं. या इंजेक्शनात गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं संप्रेरक असतं. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, आत स्राव साचतो आणि जंतूंना वाढायला आयती जागा मिळते. मग गर्भाशयात पू होतो. एरवी पेन्सिलीहून बारीक असलेली गर्भाशयाची शिंगं, म्हणजे त्याच्या दोन लांब नळ्या, पोट उघडल्यावर मनगटाएवढी फुगलेली दिसतात, हात लावतानाही फुटतील अशी भीती वाटते. कुत्री खात नाही, सारखं पाणी पिते, उलट्या करते. गर्भाशयाचं तोंड मिटलेलं असेल तर बाहेर पूही दिसत नाही, आणि मालक ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून दोन दिवस घालवतात. त्या दोन दिवसांत कुत्री जाते.

स्तनांच्या गाठी आणि मधुमेहाचा धोकाही वाढतो. मांजरींनाही हेच इंजेक्शन टोचतात, आणि मांजरीच्या स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. कुत्री किंवा मांजर आधीच गाभण असेल तर दिवस भरूनही कळा सुरू न होता पिल्लं पोटातच मरू शकतात. एवढं असूनही तपासणी न करता, कुणाच्या तरी सांगण्यावरून सुई टोचली जाते, याची मला चीड येते. वाचवलेले पैसे पुढे अर्धमेल्या जनावराच्या तातडीच्या शस्त्रक्रियेत कितीतरी पटींनी जातात.

इंजेक्शन दिलं गेलंच असेल, तर औषधाचं नाव आणि तारीख घेऊन पशुवैद्यांकडे जा, सोनोग्राफी करावी का ते विचारा आणि नसबंदीचा दिवस ठरवा.

निवारा केंद्रातून आणलेल्या पिल्लाला चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण लागली. केंद्राने आजारी पिल्लू दिलं का?

हा वाद नंतर. आज, आत्ता दवाखाना गाठा. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार असेल, तर तासांचा प्रश्न आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन आठवडेही जाऊ शकतात, त्यामुळे निघताना पिल्लू खेळतं असणं शक्य आहे. तरीही आल्या आल्या लस देतात का आणि नवी पिल्लं वेगळी ठेवतात का, हे केंद्राला जरूर विचारा. विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. आधी घाण पुसून मग ब्लीचचं पाणी वापरा. प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. त्यांना विचारल्याशिवाय दुसरं पिल्लू आणू नका.

बोक्याची नसबंदी होऊन दोन आठवडे झाले. माजावरच्या मांजरीजवळ सोडू का?

नको. महिना-दीड महिना थांबा.

टाके दुखत असतील म्हणून मांजरीला आमची पॅरासिटामॉल थोडी दिली तर चालेल?

अजिबात नाही. एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. दिली असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखान्यात न्या.