एक समिध की एक समिधा?

वास्तुशांतीच्या यादीत गुरुजींनी ‘समिधा – १ जुडी’ लिहिलं होतं, म्हणजे होमात अर्पण करायच्या काड्या. जुडी सोडून त्यातली एकच काडी उचलली, तर ती समिध की समिधा, असा प्रश्न आहे.

दोन्ही चालतं. मूळ संस्कृत शब्द ‘समिध्’, स्त्रीलिंगी आणि व्यंजनान्त, म्हणजे शेवटी स्वर नसलेला. मराठीला असे शब्द उघडे ठेवायला आवडत नाहीत. क्षुध्‌ची क्षुधा झाली, वाच्‌ची वाचा. तशीच समिध्‌ची समिधा, आणि मग ‘भाषा’, ‘शाळा’ या शब्दांप्रमाणे अनेकवचनातही समिधाच. दुसरी वाट म्हणजे शेवटचा पाय मोडायचा सोडून द्यायचा: समिध. तिचं अनेकवचन वीट-विटा, जीभ-जिभा या चालीवर पुन्हा समिधाच! ‘समिधेला तूप लाव’ हेही दोघींचं सारखंच. फरक उघडा पडतो तो फक्त ‘एक’ म्हणताना. मी स्वतः ‘एक समिधा’ म्हणतो, कानाला तेच बरं वाटतं.

संस्कृतात प्रथमेचं एकवचन ‘समित्’. उपनिषदांतला शिष्य गुरूकडे जातो तो ‘समित्पाणि’ होऊन, म्हणजे हातात समिधा घेऊन. शब्दात ‘इन्ध्’ धातू आहे, पेटवणे या अर्थाचा. ‘इंधन’ त्याच घरचं, म्हणजे पेट्रोलपंपावर आपण समिधेच्या भावंडासाठीच रांग लावतो. पण कुंडात खाली रचतात त्या गोवऱ्या-लाकडांना कोणी समिधा म्हणत नाही. समिधा तुपात बुडवून, मंत्र म्हणत एकेक अर्पण करायची.

ग्रहयज्ञात, म्हणजे नवग्रहांसाठीच्या होमात, प्रत्येक ग्रहाची समिधा वेगळी. याज्ञवल्क्यस्मृतीतला क्रम: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. शेवटची दोन तर गवतं, तरी समिधाच! लांबी ‘प्रादेशमात्र’, म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर पडतं तेवढं अंतर. करंगळीपर्यंत नेलं की ती वीत झाली. घरी तोडणार असाल तर रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि आघाड्याच्या तुऱ्याला धोतर-साडी घासली की कुसळं वेचत बसावं लागतं.

दुकानातल्या पाकिटांवर ‘समीधा’ छापलेलं दिसतं, ते मात्र चूक. सम् + इध्, त्यामुळे ‘मि’ ऱ्हस्वच.